सान बर्नाबे म्हणजे दुसरे लातूर

ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी लातुरात सकाळ अंधारातच सुरू होते. गल्लीच्या टोकाला कुणाची तरी मोटार घरघरली की प्रियदर्शनी गजभारे उठत असे आणि ओढणी कमरेला खोचून, तोंडही न धुता, नळाखाली कळशी लावत असे. क्रम ठरलेला होता. आधी पिण्याच्या कळश्या आणि त्यांवर धुतलेली फडकी. मग न्हाणीतला निळा बॅरल. मग बादल्या, पातेली, परात. आणि पाणी अजून जात नाही असे दिसले तर सगळ्यात शेवटी कुकर. जिन्याखालून घरमालकीण जगदेवीकाकू आपली टाकी राहिल्याची आठवण करून देत. थोड्या वेळाने नळ दमेकऱ्यासारखा खोकून थांबे. मग दोन्ही घरांत एकदम शांतता होई आणि पुढचे काही दिवस पुरेल एवढ्या पाण्याकडे दोघी समाधानाने पाहत.

त्यानंतर चहा, रात्रीच्या पोळीचा कुस्करा आणि स्कूटीवरून कॉलेज. वाट ट्यूशन एरियातून जात होती. छातीशी दप्तर धरून मुले एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे निघालेली असत, आणि त्यांच्या डोक्यावर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्यांचे चेहरे इमारतीएवढे टांगलेले असत. प्रत्येक यशस्वी चेहऱ्याच्या बाजूला त्याच्या सरांचा चेहरा असे आणि तो थोडा मोठा असे. प्रियदर्शनी भूगोल शिकवत होती, तोही तासिका तत्त्वावर. डॉक्टर आणि इंजिनिअर पिकवणाऱ्या या शहरात भूगोल हा विषय चौकातल्या टपालपेटीसारखा उरला होता. ती आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यात कोणी काही टाकत नाही.

म्हणून शिवशंकर सरांनी जेव्हा तिला बोलावून एका शहराचा परिचय लिहायला सांगितला, तेव्हा तिने फार विचार केला नाही.

शिवशंकर सर पूर्वी जीवशास्त्राची शिकवणी घेत. पुढे त्यांच्या ध्यानात आले की वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत यशस्वी होणाऱ्यांपेक्षा राहून जाणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असते आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणालाच वेळ नसतो. ही सामाजिक उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी 'दिगंत ओव्हरसीज' नावाचे कार्यालय उघडले. राहून गेलेल्यांना ते फिलिपिन्समधल्या सान बर्नाबे नावाच्या जिल्ह्याच्या गावी डॉक्टर व्हायला पाठवत. स्वतः सर तिथे एकदा जाऊन आले होते. कॉलेजच्या अतिथिगृहात राहिले, पोट बिघडले, परत आले.

अडचण अशी होती की पालक कॉलेजबद्दल फार विचारत नसत. ते गावाबद्दल विचारत. मराठवाड्यात लेक द्यायची म्हणजे आधी गाव बघायला जातात. पाणी कसे आहे, रस्ता आहे का, जमीन कसली, आपली माणसे कोण. हीच सवय लोकांनी मुलीच्या शिक्षणालाही लावली होती. सान बर्नाबेला सोयरिकीआधी बघायला जाणे शक्य नव्हते, म्हणून सरांना एक छोटे, रंगीत, विश्वास बसेल असे पुस्तक हवे होते, आणि त्यावर एखाद्या प्राध्यापकाचे नाव.

प्रियदर्शनीने ते काम मन लावून केले. तिने नकाशे काढले, पर्जन्यमानाचे तक्ते मिळवले, तिथल्या नगरपालिकेचे अहवाल शब्दकोश घेऊन वाचले. संध्याकाळी जगदेवीकाकू भाजी निवडत बसल्या की ती त्यांना सान बर्नाबेच्या गोष्टी सांगे. मधोमध एक जुने चर्च, त्याच्यासमोर चौक, चौकात संध्याकाळी मोठमोठ्याने गाणी म्हणणारी माणसे. माणसांनी खचाखच भरलेल्या, देवादिकांची चित्रे रंगवलेल्या लांबलचक जीपा. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर ऊस, आणि उसाच्या पलीकडे समुद्र. पावसाळ्यात वादळे येतात तेव्हा लोक छपरे दोरांनी बांधून ठेवतात. काकू म्हणत, गाव चांगले दिसते, पण एवढे गाणे कशाला. प्रियदर्शनीने आयुष्यात पुण्यापलीकडे प्रवास केला नव्हता. तरी लिहीत असताना त्या अनोळखी गावाबद्दल तिच्या मनात एक जिव्हाळा तयार झाला, आणि आपण लिहिलेला भूगोल कोणीतरी खरोखर वाचणार आहे या कल्पनेने ती काही दिवस हलक्या पावलांनी चालली.

सरांनी मसुदा लाल पेन घेऊन वाचला. वाद त्यांनी घातला नाही. ते मनमिळाऊ गृहस्थ होते. ते फक्त प्रत्येक गोष्ट लातूरच्या मापाने कापत गेले. चर्चसमोरचा चौक होता तिथे 'शहराच्या मध्यभागी गंजगोलाईसारखी गजबजलेली बाजारपेठ' असे झाले. 'अतिवृष्टी व चक्रीवादळे' या शब्दांवर ते थोडे थांबले आणि मग त्यांनी लिहिले, 'पाण्याची टंचाई नाही. वर्षभर मुबलक पाणी.' आहाराच्या परिच्छेदातली सुकी मासळी आणि डुकराचे मांस निघून गेले आणि भात तेवढा उरला. जीपेला त्यांनी 'आपल्या काळी-पिवळीसारखी' असे विशेषण लावले. ऊस मात्र त्यांनी जसाच्या तसा ठेवला, उलट उसाचा फोटो मोठा करायला सांगितला. शेवटी त्यांनी मथळ्याखाली एक ओळ घातली: 'सान बर्नाबे म्हणजे दुसरे लातूरच.'

मग ते त्या एका परिच्छेदापाशी आले. प्रियदर्शनीने लिहिले होते: 'हे शहर ज्या प्रदेशात वसले आहे तेथे पृथ्वीच्या कवचाचे दोन भाग एकमेकांना भिडतात. लहान धक्के नेहमीचे असून मोठ्या भूकंपाची शक्यता कायम असते.'

सरांनी पेन खाली ठेवले आणि तिच्याकडे जवळजवळ मायेने पाहिले.

"मॅडम, लातूरच्या माणसाला काय बी विकता येतंय. एक भूकंप सोडून."

ती म्हणाली की हे भूगोलाचे साधे सत्य आहे, शाळेच्या नकाशातही असते.

"हाय ना. मी कुठं न्हाई म्हणलो? पर आपण परिचय लिवून राहिलो, मॅडम, पंचनामा न्हाई."

परिच्छेदाच्या जागी दोनच शब्द आले: 'भूभाग: सपाट.' नंतर ते सरांना कोरडे वाटले असावेत, कारण छापून आले तेव्हा 'सपाट व शांत' असे होते. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव 'प्रा. डॉ. प्रियदर्शनी गजभारे' असे होते. तिचा शोधप्रबंध कित्येक वर्षे मार्गदर्शकांच्या टेबलावर धूळ खात पडला होता, त्यामुळे 'डॉ.' हा सरांनी परस्पर बहाल केलेला सन्मान होता. हे उद्या सांगू, असे तिने ठरवले. पण त्याच दिवशी एक प्रत नायगावला वडिलांकडे गेली, आणि मारोती गजभाऱ्यांनी ती विहारात, चहाच्या टपरीवर आणि तहसीलच्या ओट्यावर बसणाऱ्या सगळ्या ओळखीच्यांना दाखवली. फोनवर वडिलांचा आवाज ऐकल्यावर तो उद्या पुढे ढकलला गेला.

परिणाम असा झाला की एका संपूर्ण शहराचे वर्णन करून झाल्यावर, त्या पुस्तकात सान बर्नाबे आणि लातूर यांची जेवढी साम्ये छापली होती ती, ऊस सोडला तर, बहुतेक ओढूनताणून आणलेली होती, आणि जे सगळ्यात खरे साम्य होते तेवढेच गाळलेले होते.

पालक मेळावा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. पाहुण्या म्हणून लेखिकेला पुढच्या खुर्चीवर बसवले होते. चपला बाहेर काढायच्या होत्या आणि सगळ्यांनी त्या काढल्या होत्या. फक्त एक म्हातारी चपला पायातच ठेवून आत आली आणि दाराला लागून असलेली खुर्ची धरून बसली. स्वागताला उभ्या असलेल्या, कार्यालयातल्या रूपालीने तिला पंख्याखाली यायचा आग्रह केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माय. हिथं बरं हाय."

तिचा मुलगा किशनराव दुसऱ्या रांगेत बसला होता. पांढरा सदरा, दोन मोबाईल, बोलण्यात बागायतदाराचा ठसका. त्याची मुलगी उज्वला शेजारी मान खाली घालून बसली होती. माणसे भूकंपात जमीनदोस्त झालेल्या किल्लारीची होती हे कळल्यावर दाराजवळच्या खुर्चीचा अर्थ प्रियदर्शनीला सांगावा लागला नाही. त्या भागातली जुनी माणसे कुठल्याही इमारतीत शिरली की आधी दार पाहतात आणि मग यजमान. तिशीच्या आतली माणसे याला हसतात.

प्रश्न सुरू झाले. पाण्याचा प्रश्न पहिला आला आणि सरांनी सान बर्नाबेला रोज, दिवसभर नळाला पाणी असते असे सांगताच सभागृहात असा काही उसासा उठला की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मग आपणच सगळे का जाऊ नये असे विचारले. ज्वारी मिळते का, या प्रश्नावर पीठ पाठवता येते असे उत्तर मिळाले. एका आईने डासांची चौकशी केली. किशनराव पुस्तक चाळत उसाच्या फोटोपाशी थांबला होता. तो पानभर ऊस बघून झाल्यावर, गाव इज्जतीचे दिसते, असा त्याने निर्वाळा दिला. मग त्याने आवाज जरा खाली आणून विचारले की तिथे आपली माणसे आहेत का.

सर म्हणाले, शंभर टक्के, सगळी लातूर-नांदेडचीच पोरे.

"तसं न्हाई सर. आपली म्हंजे... मेसमधी सैपाकाला कोण हाय?"

सरांना प्रश्न कळला. आचारी चांगल्या घरचा आहे, असे ते म्हणाले, आणि सभागृहात बऱ्याच जणांना बरे वाटले. त्या बऱ्या वाटण्याच्या भरातच किशनरावचे लक्ष लेखिकेकडे गेले. मॅडम मूळच्या कुठल्या, असे त्याने आदराने विचारले. तिने नायगाव सांगितले. पण गावावरून अंदाज येत नव्हता, म्हणून त्याने पुस्तक उलटून मुखपृष्ठावरचे आडनाव पुन्हा एकदा वाचले.

"हां, हां. गजभारे. लई हुशार असतात तुमच्यातले."

हे वाक्य प्रियदर्शनीने शाळेपासून ऐकले होते, आणि म्हणणाऱ्याला ते नेहमी कौतुकच वाटते हेही तिला ठाऊक होते. तिने नेहमीप्रमाणे हसून मान हलवली.

तेवढ्यात दारापाशी बसलेल्या म्हातारीने तोंड उघडले. कस्तुराबाईने सगळ्या मेळाव्यात एकच प्रश्न विचारला.

"तिथं जमीन हालती का?"

 सरांनी तत्परतेने सांगितले की आजी, जमीन एकदम पक्की आहे, पुस्तकात छापलेच आहे, सपाट व शांत.

"तुमाला न्हाई इचारलं. लिवणाऱ्या बाईला इचारलं."

किल्लारीची घरे पडली तेव्हा प्रियदर्शनी पाळण्यात होती. ती रात्र तिला फक्त दुसऱ्यांच्या तोंडून माहीत होती. समोर बसलेल्या बाईने त्या रात्री नवरा आणि एक लहान मुलगी मातीखालून काढली होती, हेही तिला पुढे कळायचे होते. पण प्रश्न काय आहे हे तिला पूर्ण कळले होते, आणि उत्तरही. तिने सरांकडे पाहिले, हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. स्वतःच्या नावाचे पुस्तक सगळ्यांसमोर खोटे ठरवायचे, आणि तेही आत्ताच हुशार ठरलेल्या आडनावाने. 'बघा, म्हणलं नव्हतं का,' असे म्हणायला टपलेले चेहरे तिला खोलीभर दिसले. प्रत्यक्षात ते तिच्याकडे जेमतेम पाहत होते.

"नाही हालत, आजी," ती म्हणाली.

कस्तुराबाईने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. बाईमाणसाने लिहिले आहे, मग खरे असेल, असे ती शेजारणीला म्हणाली. मग ती उठली. दाराजवळची खुर्ची तिने स्वतः उचलून आत, पंख्याखाली आणून ठेवली, चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि टेकून बसली. मुलगा आणि नात दोघेही तिच्याकडे बघत राहिले, कारण छताखाली ती अशी निवांत टेकलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मेळावा फार यशस्वी झाला. पुस्तकाच्या प्रती संपल्या आणि सरांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले. त्यात नळाचा एक फोटो घालावा, असे त्यांच्या मनात होते. मजकूर तोच ठेवून मुद्रिते मॅडमनी छापखान्यात एकदा नजरेखालून घालावीत, असा निरोप आला. प्रियदर्शनीने हो म्हटले आणि पुढच्या पाण्याच्या सकाळी कळश्या भरता भरता तिच्या ध्यानात आले की आपण दाराला आतून कडी घातलेली आहे. रोजच घालत होती, जमीन हालेल असा विचारही कधी न करता. त्या दिवशी ती कडीकडे बराच वेळ पाहत राहिली. बॅरल भरून वाहू लागला आणि खालून जगदेवीकाकूंनी चार शब्द सुनावले, तेव्हा ती भानावर आली.

रविवारी ती औशाची बस धरून निघाली. औशाहून पुढे काळी-पिवळी जीप होती. मांडीला मांडी लावून बसलेली माणसे, टपावर खताची पोती, आरशावर देवादिकांची चित्रे. जीप खड्ड्यात आपटली तेव्हा तिला वाटले, सगळ्या पुस्तकात सरांनी घातलेले एवढे एकच विशेषण खरे आहे.

किल्लारीच्या वेशीवर फ्लेक्स लागला होता. 'भावी डॉक्टर कु. उज्वला हिची परदेशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' सरपंच, उपसरपंच, किशनराव आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे होते. उज्वलाचा कोपऱ्यात, गोल चौकटीत. मागे सान बर्नाबे म्हणून बर्फाचे डोंगर आणि एक निळे सरोवर छापले होते.

भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावाचे रस्ते सरळ रेषेत होते. किशनरावचे घर स्लॅबचे, वर दुसरा मजला चढवलेले. त्याच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती, तिच्यात बाज, ट्रंक आणि देवाचा फोटो. कस्तुराबाई इतकी वर्षे तिथेच निजत आली होती. ती उंबऱ्यात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. मॅडम आल्या म्हणून किशनराव लगबगीने बाहेर आला, खुर्ची मागवली, चहा सांगितला. उज्वलाने चहा आणला. घरच्यांचा कपबशीत, मॅडमचा नव्याकोऱ्या कागदी कपात. प्रियदर्शनीने तो हातात घेतला. चहा चांगला होता.

मग तिने जे सांगायला आली होती ते सांगितले.

"आजी, त्या दिवशी मी खोटं बोलले. तिथली जमीन हालते."

कस्तुराबाईचे हात थांबले नाहीत. "लई?"

"आपल्यापेक्षा लई. सारखी हालते."

किशनरावने आधी आईकडे, मग रस्त्याकडे पाहिले. ती खोटे बोलली म्हणून तो चिडला नव्हता.

"मॅडम, आता हे सांगायची येळ हाय का? फ्लेक्स लागलाय."

उज्वला खांबाला टेकून उभी होती. तिने पहिल्यांदाच तोंड उघडले. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, असे ती म्हणाली. मोबाईलवर सगळे दिसते. तिथल्या वर्गात पंखे डोलताना, पोरी बाकाखाली शिरताना, आणि मग बाहेर येऊन हसताना तिने पाहिले होते. पप्पांनाही तिने दाखवले होते. पण आजी हो म्हटल्याशिवाय या घरात काही होत नाही, आणि मॅडम हालत नाही म्हणाल्या, तेव्हा तिने तो विषय तिथेच सोडला होता.

कस्तुराबाईने हातातली शेंग सुपात टाकली.

"म्हंजी समद्यास्नी ठावं हुतं. एकट्या मलाच न्हाई." ती नातीकडे किंवा मुलाकडे वळली नाही, प्रियदर्शनीकडे बघत राहिली. "तुमी कामून बोललाव तसं?"

प्रियदर्शनीने येताना बरीच वाक्ये जुळवली होती. त्यांत सर होते, संपादन होते, तासिका तत्त्व होते. त्यांतले एकही इथे, या पत्र्याखाली उपयोगाचे नव्हते.

"पुस्तकावर माझं नाव होतं."

"मंग नावापायी."

"हो, आजी."

म्हातारीने मान हलवली. त्यात क्षमा नव्हती आणि राग होता असेही म्हणता येत नव्हते. एखादा हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी ती मान होती. ती पुन्हा शेंगा सोलू लागली. किशनरावने एक मोबाईल काढून पाहिला आणि ठेवून दिला. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते की आईने नाही म्हटले तर वेशीवरून फ्लेक्स उतरवताना कोण कोण बघेल याची तो मनात मोजदाद करतो आहे.

"जायचंय का तुला?" कस्तुराबाईने नातीला विचारले.

"जायचंय."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय. पर जायचंय."

"मंग जा. हिथं ऱ्हायलीस म्हणून जमीन काय थांबायची न्हाई." ती सूप झटकत उठली. "पर तिथं निजताना दाराला कडी लावू नगं."

उज्वला म्हणाली की आजी, होस्टेलला रात्री बाहेरून कुलूप असते.

"मंग कुलूप लावणाऱ्या बाईचा नंबर घे. आन दारापाशी नीज."

एवढे बोलून ती शेडमध्ये गेली. प्रियदर्शनीला तिने बस म्हटले नाही की जा म्हटले नाही.

किशनरावने तिला मोटारसायकलवरून जीपेपर्यंत सोडले. वाटेत तो मोकळा होत गेला. मॅडम स्वतः आल्या हे बरेच झाले, म्हातारीचे मन आता साफ झाले, असे त्याने दोनदा सांगितले. मात्र ही गोष्ट गावात इतर कुणाजवळ निघू नये. जीप भरत आली होती. ती चढत असताना त्याने जवळ येऊन, राहून गेलेली एक गोष्ट हलक्या आवाजात सांगितली.

"सरांना तेवढं ते सैपाक्याचं पक्कं इचारून ठिवा, मॅडम."

लातुरात परतल्यावर तिने सरांना फोन केला आणि भूकंपाचा परिच्छेद दुसऱ्या आवृत्तीत परत यायला हवा असे सांगितले.  सर रागावतील असे तिला वाटले होते.  पण त्यांच्या आवाजात शिकवणीच्या काळातला उत्साह होता. मॅडमचे बरोबर आहे, लपवायचे कशाला. उलट हेच पुढे आणायचे. इतर जिल्ह्यांची पोरे पहिल्या धक्क्याला पळून येतात, आपली येणार नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे मथळाही सांगितला: 'भूकंपाचा पूर्वानुभव: लातूरच्या विद्यार्थ्यांची जमेची बाजू.' खाली किल्लारीच्या एखाद्या आजींचा फोटो आणि दोन ओळींचा आशीर्वाद मिळाला तर फार बरे होईल. मॅडमची तिकडे ओळख झालीच आहे.

बघते, असे म्हणून तिने फोन ठेवला.

छापखाना गंजगोलाईमागच्या बोळात होता. विनोद नावाचा ऑपरेटर लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि विद्वानांचे प्रबंध सारख्याच निर्विकारपणे जुळवत असे. त्याने सान बर्नाबे पडद्यावर उघडून दिले आणि बाजूला स्टूल ओढले. सर मुद्रिते वाचत नाहीत, उसाचा फोटो तेवढा बघतात, आणि या वेळची सही त्यांनी मॅडमवर सोपवली आहे, हे दोघांनाही ठाऊक होते.

प्रियदर्शनीने मुखपृष्ठापासून सुरुवात केली. आधी 'डॉ.' काढला. नाव तसेच राहू दिले. मथळ्याखालची 'दुसरे लातूरच' ही ओळही राहू दिली. मुबलक पाण्याच्या मागे वादळे परत घातली. गंजगोलाई काढून चर्च आणि चौक आणला, आणि संध्याकाळी गाणी म्हणणारी माणसेही. आहारात काय काय असते ते लिहिले. मग ती 'सपाट व शांत' या शब्दांपाशी आली, ते पुसले, आणि आपला परिच्छेद शब्द न शब्द आठवून विनोदला सांगितला. त्याच्या शेवटी तिने एक वाक्य जोडले: 'विद्यार्थ्यांनी राहण्याची जागा घेताना ती रात्री आतून व बाहेरून कशी बंद होते हे पाहून घ्यावे.'

विनोदचे बोट कळीवर थांबले. "सरांना एकदा इचारायचं का, मॅडम?"

"नाव माझं आहे," ती म्हणाली. "छापा."

तिने मुद्रितावर सही केली. विनोदने प्लेट चढवली आणि यंत्र सुरू केले. पहिला छापील ताव हातात येईपर्यंत ती थांबली. शाई ओली असतानाच तो परिच्छेद तिने एकदा वाचला, ताव गठ्ठ्यावर परत ठेवला, आणि स्कूटीची चावी घेऊन तासाला निघाली.